फाउंटन पेनसाठी ए५ पॅड: रोडिया, जपानी कागद की बॉण्ड कापून?

लेखणी_सदाशिव

रोजच्या मीटिंगच्या आणि वाचनाच्या नोंदींसाठी गुळगुळीत लिहिता येईल असं ए५ पॅड हवंय. दिवसाला ८ ते १० पानं, पाठपोट लिखाण. पेन लॅमी सफारी, एम (मध्यम) निब. शाई कॅम्लिन रॉयल ब्लू, कधीमधी पायलटची इरोशिझुकू. सध्याचं पॅड ७० जीएसएमचं आहे. त्यावर शाई फुटते (‘क’ आणि ‘ळ’ची पोटं भरून जातात), मागच्या बाजूला ठिपके उमटतात, आणि जून लागला की दोन्ही वाढतं. म्हणून १०० जीएसएमचं जाडजूड पॅड आणलं, तर त्यावर शाई आणखीच फुटते. हे उलटं कसं?

रोडिया, मिडोरी, तोमोए रिव्हर ही नावं सगळीकडे ऐकू येतात. रोज दहा पानं संपवणाऱ्याला यातलं काय घेण्यात अर्थ आहे? आणि घेण्याआधी पुण्यात कागदावर लिहून बघता येतं का?

खळ_आणि_शाई

उलटं काही नाही. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस. कागद शाई किती पिणार हे त्यातून कळत नाही. ते ठरवते खळ. सुती साडीला असते तशीच कागदालाही खळ असते, कारखानदार तिला साइजिंग म्हणतात. एक खळ लगद्यातच मिसळतात. पूर्वी राळ आणि तुरटी वापरायचे, हल्ली बहुतेक ठिकाणी एकेडी नावाचं रसायन असतं. दुसरी तयार कागदावर वरून देतात, ती बहुधा स्टार्चची. आतली खळ पाणी शोषू देत नाही, वरची खळ तंतूंची मोकळी टोकं बसवते. दोन्ही नीट असतील तर शाई जिथे टेकली तिथेच सुकते. कमी असतील तर ती तंतूंच्या फटी धरून बाजूला पळते. तुमचं १०० जीएसएमचं पॅड म्हणजे जाड टीपकागद आहे. टीपकागद तरी वेगळा काय असतो? खळ न दिलेला कागदच तो.

तिसरी गोष्ट घोटाई. आज कागद रुळांमधून दाबून काढतात, पूर्वी गुळगुळीत दगडाने घोटायचे. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर दिसणारी चकाकी तीच, बोरू अडकू नये म्हणून आणलेली. जुन्नरला आणि आपल्या कसब्यातल्या कागदीपुऱ्यात हाच उद्योग चालायचा. पण घोटलेला कागद खळ दिलेला असेलच असं नाही, आणि दुकानात फसगत होते ती इथे. नुसता घोटलेला कागद बोटाला रेशमासारखा लागतो आणि पहिल्याच ओळीत शाई फुटते. त्यामुळे बोट फिरवून पॅड निवडू नका.

कारखान्यात यासाठी कॉब चाचणी असते: १०० चौरस सेंटिमीटर कागदावर ६० सेकंद पाणी ठेवायचं आणि कागदाचं वजन किती वाढलं ते बघायचं. घरी ड्रॉपरने एक थेंब टाकला तरी पुरे. चांगल्या कागदावर थेंब अळूच्या पानावर बसतो तसा टपोरा बसून राहतो. वाईट कागदावर काही सेकंदांत पसरतो आणि त्याखालचा कागद तेलकट डागासारखा पारदर्शक दिसायला लागतो.

पावसाळ्याचं कारणही यातच आहे. कागद हवेतला ओलावा घेतो, तंतू फुगतात, आणि आधीच काठावर असलेली खळ पुरी पडत नाही. मे महिन्यात जेमतेम चालणारं पॅड जुलैत नापास होतं ते यामुळे. वापरात नसलेली पॅडं झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून आडवी ठेवा. उभी ठेवली की ओल्या हवेत ती बाक धरतात आणि मग पेनखाली कागद हलतो.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. मागे दिसणं वेगळं आणि मागे उमटणं वेगळं. दिसणं हा कागदाच्या पारदर्शकतेचा प्रश्न आहे, उमटणं हा खळीचा. दिसण्याची सवय होते. उमटलं तर मागची बाजू वाया जाते.

बोरूबहाद्दर

खळीचं वर आलंच आहे, मी थेट पॅडांवर येतो.

रोडिया: नारिंगी पुठ्ठा, वरच्या कडेला स्टेपल, फाडायला बारीक छिद्रांची रेघ. ए५ हवं तर नंबर १६ मागा, त्यात ८० पानं येतात. कागद ८० जीएसएमचा, क्लेअरफोंतेन या १८५८ पासून चालत आलेल्या फ्रेंच गिरणीचा. रॉयल ब्लू आणि एम निबला यावर शाई फुटत नाही, उमटत नाही, मागे थोडं दिसतं. सुकायला १५ ते २५ सेकंद धरा. चौकटींची छपाई जांभळी आणि जरा ठळक असते, निळ्या शाईशी भांडते. त्यापेक्षा डॉटवालं घ्या.

क्लेअरफोंतेनच्या स्वतःच्या वह्या ९० जीएसएमच्या, आणखी गुळगुळीत. काहींना हा कागद काचेसारखा वाटतो. निब घसरते, अक्षर मोठं आणि सैल होतं. गुळगुळीत लिखाण हवं म्हणणाऱ्याला हेच हवं असतं, पण भरभर नोंदी घेताना थोडी पकड असलेली बरी.

ती पकड हवी तर मिडोरी एमडी. कागद पिवळसर, निबेचा स्पर्श हाताला कळतो पण टोचत नाही. इरोशिझुकूच्या फिकट-गडद छटा यावर रोडियापेक्षा छान उठतात. मारुमनचं नेमोसिने ८० जीएसएमचं, दुहेरी तारेचं. पान पूर्ण मागे वळतं, त्यामुळे मीटिंगमध्ये मांडीवर ठेवून लिहिणाऱ्याला हे सोयीचं.

तोमोए रिव्हर ५२ आणि ६८ जीएसएममध्ये मिळतो. ५२ म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा थोडंच जास्त वजन, तरीही शाई आरपार जात नाही. खळ आणि पृष्ठभागाची ही कमाल. शाईचा तांबूस-सोनेरी झळाळ बघायचा असेल तर याला तोड नाही. पण तुमच्या कामाला हा कागद नको. रुंद निबेची ओळ सुकायला मिनिटभर घेते, पान उलटताना कुरकुरतं, हाताच्या घामाने सुरकुततं, आणि मागचं लिखाण इतकं दिसतं की पाठपोट वाचताना डोळे शिणतात. रोजनिशीला उत्तम, मीटिंगला त्रास. जाता जाता: तोमोएगावा या मूळ कंपनीने हा कागद बनवणं थांबवलंय, आता सान्झेन बनवते. दोन्ही कागद हाताला आणि शाईला थोडे वेगळे वागतात, त्यामुळे जुनी परीक्षणं वाचून नवा माल घेऊ नका.

लॉइशटुर्म १९१७ हे पॅड नाही, बांधीव वही आहे. ८० जीएसएम, पानांवर छापील क्रमांक. शाई फुटत नाही, मागे बऱ्यापैकी दिसतं. जाड हवं असेल तर तिची १२० जीएसएमची आवृत्ती आहे.

आणखी एक गैरसमज. २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने कॅम्लिनमध्ये मोठा हिस्सा घेतला, म्हणून कॅम्लिनची प्रत्येक वही म्हणजे जपानी ‘कॅम्पस’ असं नाही. वहीवर ‘कॅम्पस’ लिहिलेलं आणि जपानमध्ये बनलेलं आहे का ते बघा. त्यात रेघांची दोन मापं येतात: ए म्हणजे ७ मिलिमीटर, बी म्हणजे ६. देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. एम निबला ७ घ्या. ६ मध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. परदेशी परीक्षणांत हे सापडणार नाही, कारण त्यांना वेलांट्या नाहीत.

टीपकागद

कागदावर पैसे घालण्याआधी निब बदला. सफारीची एम निब ओली लिहिते, म्हणजे शाई जास्त सोडते, आणि शोषणाऱ्या कागदावर तिची रेघ बी निबेएवढी रुंद होते. लॅमीची सुटी ईएफ (अगदी बारीक) निब मिळते, आणि ती चांगल्या आयात पॅडपेक्षा फार महाग पडत नाही. निबेच्या वर सेलोटेपचा तुकडा घट्ट चिकटवा, पेन स्थिर धरा आणि टेप सरळ पुढे ओढा, वाकडी नाही. निब सरकून येते. नवी तशीच सरळ आत सरकवा, शेवटी अंगठ्याने दाबून बसवा. फीडला (निबेखालचा, शाई पुरवणारा भाग) हात लावू नका.

मग शाई. रॉयल ब्लू बरी वागते, पण पाण्याला टिकत नाही. पावसात बॅग भिजली की नोंदी गेल्या. आयर्न गॉल प्रकारची (लोहक्षार आणि टॅनिनची) शाई सुकी, म्हणजे कमी वाहते, साध्या कागदावर कमी फुटते आणि पाण्याला दाद देत नाही. ती आम्लधर्मी असते, म्हणून पेन महिनाभर भरून पडू द्यायचं नाही आणि दोन भरण्यांमध्ये साध्या पाण्याने धुवायचं. पाणी नितळ येईपर्यंत कन्व्हर्टर (पेनातली शाई ओढणारी नळी) १०-१५ वेळा भरून रिकामा करा.

ईएफ निब आणि सुकी शाई घेतलीत तर ७० जीएसएमचं पॅडही निम्मं सुधारेल. बाकी निम्म्यासाठी कागद.

अप्पा_बळवंतकर

सुक्या शाईचं पटतं. पण ज्याला गुळगुळीत लिखाण हवंय त्याला ईएफ सुचवणं म्हणजे श्रीखंडात साखर कमी घाला म्हणण्यासारखं आहे. बारीक निब कागदाचा प्रत्येक तंतू हाताला कळवते. एम ठेवा, कागद बदला.

रोज दहा पानं, म्हणजे दहा बाजू, महिन्याच्या ३००. ८० पानांच्या पॅडात १६० बाजू, म्हणजे महिन्याला जवळपास दोन पॅडं. पॅडाच्या किमतीला १६० ने भागा आणि एका बाजूचा खर्च काढा. आयात पॅड आणि बॉण्ड कागद शेजारी ठेवून हा भागाकार केला की उत्तर आपोआप मिळतं.

बॉण्ड (पत्रव्यवहाराचा) आणि लेजर (खातेवहीचा) हे कागद मुळातच शाईने लिहिण्यासाठी बनत आले आहेत, म्हणून त्यांना खळ चांगली असते. ८५ ते १०० जीएसएमचा, वॉटरमार्क असलेला एक्झिक्युटिव्ह बॉण्ड बघा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कागदाची दुकानं आहेत, तिथे आधी सुटे दहा कागद मागा. रीम घाईने उचलू नका, कारण एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो. लिननसारखी उठावदार नक्षी असलेला नको, निब नक्षीवरून उड्या मारते. ७५ जीएसएमचा कॉपियर टोनरसाठी असतो. त्यातला एखादा शाईला चांगला निघतो, पण तो जुगार. उसाच्या चिपाडापासून केलेला कागद मिळाला तर मात्र बघा. तमिळनाडूतली टीएनपीएल त्यासाठी ओळखली जाते, आणि चिपाडाचे काही कागद फाउंटन पेनला अपेक्षेपेक्षा बरे वागतात.

दुकानात आपलं पेन आपल्या शाईने भरून न्या आणि एका कागदावर एवढं करा:

तीन ओळी नेहमीच्या वेगात लिहा. मग ‘८’ एकाच जागी तीन वेळा गिरवा. निब एका जागी तीन सेकंद नुसती टेकवून ठेवा. एक आडवी रेघ ओढून पाचव्या, दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या सेकंदाला तिच्या वेगवेगळ्या भागांवरून बोट फिरवा. कागद उलटा करून उजेडात धरा. तीन सेकंदांचा ठिपका मागे उमटला असेल तर पाठपोट लिहिताना प्रत्येक पूर्णविरामाला ठिपका येणार. ‘८’च्या कडेला केसासारख्या रेषा दिसल्या तर तो कागद तिथेच ठेवा.

पसंत पडला तर रीम घ्या आणि कटिंग करणाऱ्याकडे द्या. ५०० ए४ मधून १००० ए५ निघतात. ८० पानांची १२ पॅडं होतात आणि ४० पानं उरतात. मागे पुठ्ठा घालून वरच्या छोट्या कडेला गमिंग करायला, म्हणजे डिंकाने पानं जोडायला सांगा. छोट्याच कडेला, आणि त्याला कारण आहे. ए४ कागदाची ग्रेन (तंतूंची दिशा) बहुधा लांब बाजूला समांतर असते. मधून कापल्यावर तीच ग्रेन ए५च्या छोट्या कडेला समांतर येते. डिंक ग्रेनला समांतर बसला की कागद सपाट राहतो. लांब कडेला लावलात तर डिंकाच्या पाण्याने तंतू आडवे फुगतात, कड लाटेसारखी होते आणि पान पूर्ण उलटत नाही. ग्रेन ओळखायला कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा. जिकडे कमी जोर लागतो, वळणाची रेघ ग्रेनच्या दिशेची.

दुसरी सूचना: उजेडात धरल्यावर वॉटरमार्क सुलट वाचता येतो ती कागदाची सुलट बाजू. सगळा गठ्ठा त्याच बाजूने वर ठेवायला सांगा. पात्याला धार नसेल तर कडेला कागदाची पूड राहते आणि ती निबेच्या फटीत जाते. पॅड हातात आलं की कड ब्रशने झटका.

लेखणी_सदाशिव

थेंबाची चाचणी केली. १०० जीएसएमवाल्यावर थेंब चार सेकंदांत पसरला, ७० वाल्यावर दहा सेकंद टिकला. म्हणजे जाड पॅडच जास्त पितं, हे पटलं.

बॉण्डचे सुटे कागद आणि रोडियाचं एक पॅड घेतलं. बॉण्डवर शाई फुटली नाही, उमटली नाही. रोडियावर मात्र एक विचित्र प्रकार. पानाचा वरचा भाग सुरेख जातो, पण खालच्या तिसऱ्या भागात निब मध्येच कोरडी जाते. अक्षराची सुरुवात उमटत नाही, ‘त’चा ‘ा’ होतो. पेन तेच, शाई तीच. पान फाडून पुढच्यावर लिहिलं तर वर पुन्हा ठीक.

खळ_आणि_शाई

पेन निर्दोष आहे, तळहात दोषी. वरचा भाग लिहिताना हात खालच्या भागावर टेकलेला असतो. घाम आणि त्वचेचं तेल शोषक कागदात जिरून जातं, पण चांगली खळ असलेल्या घोटीव कागदावर वरच राहतं. पाण्याची शाई त्या तेलावर धरत नाही. म्हणून नेमका खालचा तिसरा भाग.

हाताखाली अर्धा कागद ठेवा, लिखाणाबरोबर तो खाली सरकवत न्या. जुने कारकून टीपकागद याच जागी ठेवायचे, एका दगडात दोन पक्षी. हाताला क्रीम लावून लगेच लिहायला बसू नका. आणि आधीच तेलकट झालेलं पान खोडरबराने हलकं पुसलं तर बहुधा सुधारतं.

नव्या, स्वच्छ पानाच्या वरच्या ओळींतही सुरुवात चुकत असेल तर मात्र निब बघा. टोकाच्या आतल्या कडा जास्त गोल घासल्या गेल्या असतील तर फटीतली शाई कागदाला टेकतच नाही. खरबरीत कागदावर तंतू तिला ओढून घेतात म्हणून दोष लपतो, गुळगुळीत कागदावर उघडा पडतो. भिंगातून टोक समोरून बघा. फटीच्या दोन्ही बाजू आत खोल उतरत असतील तर निब बदलून घ्या, घरी घासायच्या भानगडीत पडू नका.

कोथरूडची_दौत

हातकागदाचं कुणी काढलं नाही म्हणून. शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावर १९४० पासूनचं हातकागदाचं केंद्र आहे. सुती चिंध्यांचा कागद, दिसायला देखणा. फाउंटन पेनने त्यावर लिहिता येईल का?

अप्पा_बळवंतकर

पत्राला हो, रोजच्या नोंदींना नाही. सुती तंतू लांब असतात म्हणून कागद दणकट होतो, पण पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि सुटे तंतू निबेत अडकतात. रेघ अचानक जाड आणि केसाळ झाली की समजा तंतू अडकला. टाचणी घालू नका, निबेची दोन पाती फाकतात. ०.०५ मिलिमीटरची पितळी पट्टी फटीतून हलकेच ओढा, नाहीतर निब पाण्यात बुडवून मऊ फडक्याने टिपा.

घेताना दोनच प्रश्न विचारा: खळ दिलेला आहे का, आणि घोटलेला आहे का. दोन्हीला ‘हो’ आलं तर एक कागद घेऊन तीन सेकंदांचा ठिपका करून बघा. फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद पाकिटांना ठेवा, पाकळीवर निब अडते आणि शाई तिथेच साचते.

लेखणी_सदाशिव

बॉण्डची रीम घेतली, कटिंगला दिली. गमिंग छोट्या कडेला सांगितलंय, वॉटरमार्क वर. रोडिया संपेपर्यंत हाताखाली अर्धा कागद. एकच राहिलं: पॅड कोरं असेल तर रेघांचं काय करता?

बोरूबहाद्दर

रेघा छापून घेऊ नका. छपाईची शाई तेलकट असते, फाउंटन पेनची शाई तिला ओलांडताना कधीकधी तुटते. एका जाड कागदावर काळ्या पेनने ८ मिलिमीटरच्या रेघा आखा आणि तो पानाखाली सरकवा. ८५ जीएसएममधून दिसतात. १०० मधून दिसल्या नाहीत तर रेघा १ मिलिमीटर जाडीच्या मार्करने ओढा. या कागदाची डावी कड पॅडपेक्षा बोटभर रुंद ठेवा, म्हणजे पान उलटल्यावर तो ओढून पुढच्या पानाखाली घालता येतो.